मातीचे मावळे, शिशाचे लान्सर

अक्षरओळख होण्याआधी मुलाची सैनिकाशी ओळख होते. ढाल कोणत्या हातात धरायची, भाला कसा पेलायचा, घोड्यावर कोण बसतो आणि पायी कोण चालतो, गडाच्या माथ्यावर कोणाला ठेवायचे आणि दरवाजात पहारा कोणी करायचा, हे सारे ते खेळण्यांतून शिकते. शाळेतला इतिहास पुढे येतो. मातीचा, शिशाचा किंवा प्लास्टिकचा शिपाई त्याच्या कितीतरी आधी मुठीत आलेला असतो. म्हणून एखाद्या समाजाने आपल्या मुलांच्या हाती कोणते सैनिक दिले आणि कोणते दिले नाहीत, हे पाहिले की त्या समाजाला आपला कोणता भूतकाळ मोलाचा वाटत होता तेही कळते.

आज साठी ओलांडलेल्या मराठी माणसाला त्याच्या लहानपणच्या पत्र्याच्या डब्याबद्दल विचारा, चेहरा खुलतो. त्या डब्यात भाला मोडलेला मावळा असतो, डिंकाने डोके चिकटवलेला घोडेस्वार असतो, गोट्या, चिंचोके, काडेपेटीचे छाप असतात. या डब्याला आपण फक्त आठवणींच्या कप्प्यात ठेवले, इतिहासाच्या कप्प्यात कधी ठेवले नाही. तो तिथे ठेवण्याची वेळ आली आहे. आणि हा इतिहास पुण्या-मुंबईच्या खिडकीतून न पाहता नंदुरबारच्या बाजूने पाहिला, तर त्यात एक मोठी रिकामी जागा दिसते. हा लेख त्या रिकाम्या जागेविषयी आहे.

शिशाची फौज

युरोपात खेळण्यातल्या सैनिकाचा धंदा उभा राहिला तो जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या हिल्पर्ट नावाच्या कारागिराने प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आणि त्याचे शिपाई कथिलात ओतले. हे सैनिक चपटे असत. समोरून पाहिले तर शिपाई, बाजूने पाहिले तर नुसती धातूची पट्टी. १८३९ मध्ये त्याच शहरात हाइनरिखसनचा कारखाना निघाला आणि चपट्या फौजा युरोपभर जाऊ लागल्या. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनने एका पायावर उभ्या असलेल्या कथिलाच्या शिपायाची गोष्ट प्रसिद्ध केली होती. म्हणजे तोवर हा शिपाई मध्यमवर्गीय घरांत इतका रुळला होता, की त्याला गोष्टीचा नायक करता येत होते.

पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची रीत काढली. शिशाचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला बाहेरचा थर थिजला की आतला रस परत ओतून घ्यायचा. आतून पोकळ सैनिकाला धातू कमी लागे, वजन कमी भरे आणि किंमतही उतरे. ५४ मिलिमीटर उंचीचे आठ पायदळ शिपाई किंवा पाच घोडेस्वार एका खोक्यात घालून ते एका शिलिंगला विकले जाऊ लागले. जर्मन मालाची मक्तेदारी मोडली आणि ‘ब्रिटन्स’ हे नाव खेळण्यातल्या सैनिकांचे दुसरे नाव होऊन बसले.

या कारखान्याने इंग्लंडच्या पलटणींबरोबर साम्राज्याच्या पलटणीही ओतल्या. त्यात बंगालचे लान्सर होते, मद्रासचे देशी पायदळ होते आणि आपल्या मुंबई इलाख्यातले ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ही होते. डोक्याला फेटा, हातात लांब भाला, खाली उमदा घोडा. लंडनच्या एखाद्या घरात गालिच्यावर बसलेले मूल या भालाइतांना ओळीने मांडत असे आणि हे सारे आपल्या राणीचे आहे हे मांडता मांडता शिकत असे.

या शिक्षणाचा परिणाम किती खोल जात होता, याची साक्ष विन्स्टन चर्चिल यांनी स्वतः दिली आहे. ‘माय अर्ली लाइफ’ या आत्मचरित्रात ते सांगतात, की लहानपणी त्यांच्याकडे जवळजवळ पंधराशे सैनिक होते. एके दिवशी वडील ही फौज पाहायला आले. त्यांनी मुलाला सैन्यात जायला आवडेल का म्हणून विचारले, मुलाने हो म्हटले, आणि त्या उत्तरावर त्याच्या पुढच्या शिक्षणाची दिशा ठरली. हाच मुलगा १८९६ मध्ये घोडदळाचा तरुण अधिकारी म्हणून मुंबईच्या ससून डॉकवर उतरला. खेळण्यातल्या फौजेपासून खऱ्या वसाहतीपर्यंतचे अंतर इतके थोडे होते.

लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक काढून या सैनिकांच्या लढायांचे नियम बांधून दिले. खऱ्या युद्धाची हौस माणसाने जमिनीवर मांडलेल्या या छोट्या युद्धात भागवावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि त्या खेळात रमलेली पिढी खंदकांत गेली. शिसे विषारी असल्याने १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये शिशाच्या खेळण्यांचा जमाना संपला. तोवर प्लास्टिकचे शिपाई आले होते. जुने शिशाचे शिपाई मात्र संग्राहकांच्या कपाटांत गेले. त्यांच्या याद्या झाल्या, संच क्रमांक नोंदले गेले, लिलाव होऊ लागले. त्यामुळे इंग्लंडमधल्या खेळण्यातल्या सैनिकाचा इतिहास आज सालवार सांगता येतो.

खानदेशातली खरी पलटण

आता तापीच्या काठी येऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. सातपुड्यात आणि भोवतालच्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्लांनी ही नवी सत्ता मुकाट्याने मान्य केली नाही. डोंगरवाटांवरचा त्यांचा परंपरागत हक्क डावलला जात होता, आणि त्याला त्यांनी तिरकामठ्याने उत्तर दिले. कंपनीच्या फौजा डोंगरात पाठवल्या गेल्या. शत्रूपेक्षा तापाने त्यांना अधिक बेजार केले.

अखेर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. त्यातली वायव्येकडची एजन्सी नंदुरबार, सुलतानपूर आणि पश्चिमेचा डोंगराळ मुलूख सांभाळत असे; तिचे ठाणे तापीकाठच्या कुकरमुंड्याला होते. हे गाव आज राज्याच्या सीमेपलीकडे, गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी जेम्स औट्रम या २२ वर्षांच्या लेफ्टनंटकडे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम सोपवले गेले. धरणगाव हे तिचे मुख्य ठिकाण ठरले. औट्रम भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला आणि त्यांचा विश्वास मिळवून त्याने काल ज्यांच्याशी लढाई होती त्यांनाच गणवेश चढवला. खानदेश भिल्ल कोअर ही पलटण १८९१ पर्यंत वेगळी राहिली. त्यानंतर ती पोलिसांत विलीन झाली.

त्याच सातपुड्याने दुसऱ्या प्रकारचा सैनिकही दिला. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आधी सरकारी नोकरीत होता. १८५७ मध्ये त्याने बंडाचे निशाण उभारले, भीमा नाईक त्याच्या बरोबरीने उभा राहिला आणि आग्रा रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात भिल्लांची आणि कंपनीच्या फौजेची मोठी लढाई झाली. एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला बहुतांशी धनुष्यबाण असूनही ती सहजासहजी संपली नाही.

कोणत्याही देशाच्या खेळणीवाल्याला मोह पडावा असे हे सैनिक होते. गणवेशातला भिल्ल शिपाई आणि खडकाआड तिरकामठा ताणून बसलेला बंडवाला, दोघेही चित्रासारखे ठसठशीत. पण ते लंडनच्या साच्यात ठसले नाहीत आणि आपल्या साच्यांतही त्यांना जागा मिळाली नाही.

कुंभाराचे वर्ष

याचा अर्थ खानदेशातल्या मुलाच्या हाती मातीचे काही नव्हते असा मात्र नाही. इथल्या कुंभाराचे वर्ष सणांनी बांधलेले आहे. वैशाखात आखाजीला घागर लागते. श्रावण अमावास्येला पोळा येतो तेव्हा मातीचे बैल लागतात. घरात त्यांची पूजा होते आणि पूजेनंतर ते मुलांचे होतात. मग गणपती. त्यानंतर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची गुलाबाई बसते. कुंभाराकडून आणलेली गुलाबाई, तिच्या शेजारी गुलोजी, पुढ्यात खाऊ आणि रोज संध्याकाळी घराघरांतून फिरणारी गाणी. नवरात्रात घट आणि दिवाळीत पणत्या. मुलाने मागितले तर याच मातीतून घोडा, हत्ती, जाते, चूलही निघते.

घोड्याचा मान या मुलखात मोठा आहे. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठच्या त्या माळावर देशभरातून घोडे येतात. जातिवंत घोडा विकत घेणे ज्याला परवडत नाही, तोही चाल आणि रंग पाहून घोडा पारखायला शिकतो. सीमेपलीकडे गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात हा घोडा देवाच्या दारी जातो. नवस फेडण्यासाठी भाजलेल्या मातीचे घोडे देवस्थानी वाहिले जातात आणि वर्षानुवर्षे तिथे त्यांचा तांडा वाढत राहतो. हकू शहा या चित्रकाराने या कामाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९८५ मध्ये ‘व्होटिव्ह टेराकोटाज ऑफ गुजरात’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते स्वतः वालोडचे, म्हणजे नंदुरबारला लागून असलेल्या आजच्या तापी जिल्ह्यातले. कुंभाराच्या हातून निघालेली वस्तू भाबडी असली तरी तिच्यात एका समाजाचे सारे जग साठलेले असते, हे त्यांनी दाखवून दिले.

अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचा मुलगा तर सैनिक विकत आणतच नाही. बांबूच्या कांबीला दोरी बांधून तो आपला छोटा तिरकामठा करतो आणि स्वतःच शिकारी होतो. काठी गावच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप घातलेली, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेली माणसे रात्रभर नाचताना तो पाहतो. त्याच्या डोळ्यांसमोर वीरवेशाची खरी माणसे असतात. मात्र ती मुठीत धरून घरी नेता येतील, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतील, अशा रूपात त्याला कोणी दिली नाहीत.

गडावरचा मावळा

सह्याद्रीच्या कुशीतल्या मुलखात, पुणे, सातारा, कोल्हापूर आणि कोकणात, ही गोष्ट वेगळी घडली. तिथे दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहतो. दिवाळीत माती-शेणाची माणसे मांडण्याची रीत शेतकऱ्यांच्या घरी होतीच. बलिप्रतिपदेला दारात शेणाचे पांडव आणि गवळणी मांडतात. त्याच अंगणात किल्ल्यानेही घर केले आणि त्याच्या माथ्यावर शिवाजी महाराज बसले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराज नव्याने लोकांच्या मनात जागे होत होते. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पवाडा लिहिला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी रायगडावरच्या समाधीचा प्रश्न ‘केसरी’तून हाती घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. ज्या वर्षी चर्चिल मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेच हे वर्ष. एका बाजूला पंधराशे शिशाच्या शिपायांवर पोसलेला साम्राज्याचा अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला गड चढून जाणारी मराठी माणसे. यापुढे अंगणातल्या मातीच्या गडाला नुसता खेळ म्हणता येत नव्हते. गुलाम देशातल्या मुलाच्या हातात स्वराज्याचा सैनिक आला होता.

तो घडत होता कुंभारवाड्यात. दोन पाळ्यांचा साचा, त्यात दाबून बसवलेली माती, पाळ्या जुळवून काढलेला शिपाई, सावलीत वाळवणे आणि मग रंग. एक बाई अंगरखे रंगवी, दुसरी फेटे, आणि डोळे-मिशा ज्याचा हात सगळ्यांत स्थिर त्याच्याकडे जात. म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या शंभर मावळ्यांत एकाची नजर दुसऱ्यासारखी नसे. भालेवाला, तलवारवाला, तुतारीवाला, मशालवाला, तोफेला बत्ती देणारा, पहारेकरी. सिंहासनावरचे महाराज सगळ्यांहून मोठे.

किल्ला बांधण्याचे काम गल्लीचे असे. दगड-विटांचा उतार, त्यावर ओले पोते, पोत्यावर चाळलेल्या मातीचा लेप. अळीव आणि मोहरी पेरली की दिवाळीपर्यंत तटावर हिरवळ उगवे. गुहेत वाघ, पायथ्याशी विहीर, शेतकरी, पाणी भरणारी बाई. वाघ दरवाजाएवढा आणि गाय मावळ्याहून बुटकी, तरी कोणाला खटकत नसे. मुलांना ठाऊक होते की गड नुसत्या सैनिकांचा नसतो. शेत पिकवणारा, पाणी आणणारी, गुरे राखणारा अशा सगळ्यांना मिळून तो राहतो. शिशाच्या फौजेच्या खोक्यात शेतकरी नसे. मराठी किल्ल्यावर तो पहिल्यापासून होता, आणि या परंपरेचे मोठेपण मला त्यातच दिसते.

दिवाळी संपली की किल्ला मोडे. मावळे पुसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळून डब्यात जात. पुढच्या वर्षी डबा उघडला की हजेरी घेतली जाई. कोणाचा भाला गेला, कोणाचा पाय. जखमी सैनिक तटामागे उभे केले जात, टाकून दिले जात नसत. आईकडून मिळालेल्या पैशांत दोन-चार नवे येत आणि फौज वाढे. थोरल्या भावाची फौज धाकट्याकडे येई. एका घरात दोन-तीन पिढ्यांचे मावळे एकाच तटावर उभे राहत.

पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले. साचा लवकर सुटू लागला, रंग चकचकीत झाले आणि मावळा पडला की फुटू लागला. त्यानंतर प्लास्टिक आले. तलवारीशेजारी बंदूकधारी जवान, रणगाडा, विमानही गडावर दिसू लागले. प्लास्टिकचा मावळा मोडत नाही, हे खरे. पण रंगवणाऱ्या बाईचा हात त्याच्यावरून फिरलेला नसतो, आणि शंभर मावळ्यांचा एकच चेहरा मुलालाही ओळखू येतो.

डब्यातला खजिना

सैनिकांच्या सोबतीने डब्यात आणखी बरेच काही साठे. टपाल तिकिटे, जुनी नाणी, काडेपेटीचे छाप. ‘बिनाका’ टूथपेस्टच्या खोक्यातून इवलेसे प्लास्टिकचे प्राणी निघत. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने हे नाव आधीच घरोघर नेले होते. मोठी माणसे गाण्यांसाठी वाट पाहत आणि मुले पेस्ट संपण्याची. जिराफ दोन आले तर एक देऊन हत्ती घ्यायचा, अशी देवघेव शाळेच्या मधल्या सुट्टीत चाले. या प्राण्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी जंगल उभे केले.

जमवण्याच्या या छंदाने मुलांना फार महत्त्वाचे काही दिले. सारख्यातला फरक पाहण्याची नजर दिली. वस्तू जपण्याची शिस्त दिली. आपल्याकडे काय नाही हे नेमके सांगता येण्याची सवय दिली. पुढे ज्यांनी ताम्रपट वाचले, वनस्पतींची पाने दाबून ठेवली किंवा जुनी दप्तरे लावली, त्यांचे कामही याच तीन गुणांवर चालते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कहाणी इथे आठवावीशी वाटते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे, खेळणी अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातली वस्तू राजवाड्यातल्या वस्तूइतकीच जपण्याच्या योग्यतेची आहे, हे महाराष्ट्राला या एका माणसाने शिकवले. मुलांच्या डब्यांच्या बाबतीत आपण तो धडा अजून गिरवलेला नाही.

माणिक चौक, १९४२

या डब्यांत कधी न आलेला नंदुरबारचा सर्वांत प्रसिद्ध सैनिक पंधरा वर्षांचा होता. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. गुजराती बोलणाऱ्या व्यापारी घरातला हा मुलगा. मराठी, गुजराती, अहिराणी, भिली या सगळ्या भाषा ज्याच्या बाजारात ऐकू येतात अशा गावात तो वाढला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी नेत्यांना अटक झाली आणि ‘छोडो भारत’चे आंदोलन देशभर पेटले. बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. शिरीषकुमारच्या हाती तिरंगा होता. माणिक चौकाच्या परिसरात पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मे झाले.

सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यात रावलापाणीच्या दरीत दुसरा गोळीबार झाला. तो गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये सुरू केलेल्या आप पंथाच्या माणसांवर होता; दारू सोडावी, स्वच्छ राहावे, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यावा अशी ती शिकवण. गुलाम महाराजांच्या मागे त्यांचे भाऊ रामदास महाराज चळवळ चालवत होते. त्यांच्याबरोबर निघालेल्या जमावावर सरकारी बंदुका चालल्या आणि अनेक आदिवासी तिथेच पडले. खडकांवर त्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात.

१९४२ च्या मुलांच्या हातात तलवार नव्हती, झेंडा होता. रावलापाणीच्या लोकांकडे तर सैन्य म्हणावे असे काहीच नव्हते. तरीही सैनिकाकडून ज्या गुणांची आपण अपेक्षा करतो, मागे न हटणे, सोबत्याला न सोडणे, आपल्यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी उभे राहणे, ते सारे गुण इथे होते. शिरीषकुमारच्या नावाने स्मारक आहे आणि ते हवेच. पण दगडी स्मारकासमोर मूल हात जोडून उभे राहते आणि पुढे जाते. मातीच्या आकृतीशी ते तासन्‌तास बोलते.

रिकामी जागा भरताना

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड यांच्याबरोबर बागलाणातला साल्हेरही आहे. नंदुरबारच्या मुलाला या बारांपैकी सर्वांत जवळचा किल्ला हाच. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. गनिमी कावा सोडून समोरासमोर जिंकलेली ही लढाई अंगणात मांडायला मुलांना किती आवडेल! उत्तर महाराष्ट्रातल्या शाळांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी साल्हेरचा नकाशा मुलांपुढे ठेवावा.

आणि त्या किल्ल्याच्या पायथ्याशी, सातपुड्याच्या बाजूला, आपली माणसेही उभी राहावीत. तिरकामठा ताणलेला खाज्या नाईकाचा भिल्ल. तिरंगा धरलेला शाळकरी मुलगा. हातात काहीच नसलेला रावलापाणीचा आप. सारंगखेड्याचा घोडा. गुलाबाईची गाणी म्हणणारी मुलगी. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या कुंभारांना बैल आणि गुलाबाई येते, त्यांना हेही येईल. साचा करून देणारा एक शिल्पकार आणि शंभर आकृत्यांची मागणी नोंदवणारी एक शाळा एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा तरुण जिल्हा आहे. आपली खेळणी आपण ठरवण्याइतके वय त्याला नक्कीच झाले आहे.

दुसरे काम जपणुकीचे. इंग्लंडमध्ये शिशाच्या प्रत्येक शिपायाचा संच क्रमांक सापडतो, कारण तिथल्या लोकांनी मोठेपणीही आपले लहानपण नोंदून ठेवले. आपल्या मावळ्यांचे साचे मात्र कुंभारवाड्यांतून नाहीसे होत आहेत, आणि ते साचे कोरणाऱ्यांची नावे त्यांच्या नातवंडांखेरीज कोणाला माहीत नाहीत. घरात जुना डबा असेल तर तो भंगारात देऊ नका. प्रत्येक मावळ्याचे छायाचित्र काढा. तो कोणत्या गावच्या बाजारातून, साधारण कोणत्या साली आणि कोणाकडून आणला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद त्याच डब्यात ठेवा. गावात कुंभाराचे घर असेल तर साचे पाहून या, साचा कोणी केला ते विचारा. जिल्ह्याच्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी एक कपाट यासाठी मोकळे करावे. पोळ्याचे बैल, गुलाबाई, नवसाचे घोडे आणि दिवाळीचे मावळे त्यात एकत्र राहिले, तर मराठी मुलांच्या हातांचा इतिहास पहिल्यांदाच एका जागी येईल.

ही नोंद करू शकणारी शेवटची पिढी आज आपल्यात आहे. या दिवाळीत किल्ला बांधायला घेण्याआधी तिच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.